नैसर्गिक उजेडात सरडे-पालींचे क्लोजअप: चर्चा आणि शंका

कुंपणापलीकडे

पक्ष्यांच्या फोटोंच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की सरडे, पाली, सापसुरळ्या यांचे जवळून फोटो काढायचे तर काय लागतं. तिथंच उत्तर देत बसलो असतो तर त्या धाग्याचं मातेरं झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त नैसर्गिक उजेडाबद्दल बोलू. फ्लॅशला माझा तात्त्विक विरोध वगैरे नाही, पण तो वेगळा विषय आहे आणि त्यावरून इथे हाणामारी नको.

सगळे आधी लेन्स कोणती ते विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला असा, की हा प्राणी उन्हात का बसलाय? त्याला अंगातली ऊब बाहेरून मिळवावी लागते. ऊन खाणाऱ्या बऱ्याच सरड्यांच्या शरीराचं तापमान ते धावतपळत असताना ३० ते ४० अंश सेल्सियसच्या मध्ये कुठेतरी असतं. सकाळी बाहेर आल्यावर तिथवर पोचायला सरडा अंग चपटं करतो आणि पाठ उन्हाला आडवी धरून बसतो. आपल्याला हवा तो कोवळा, तिरपा उजेड आणि त्याला हवं ते ऊन, दोन्हींची वेळ एकच. त्यामुळे जागा आपण शोधायची गरजच नसते, ती त्याने आधीच निवडलेली असते आणि उजेडाच्या दृष्टीने बहुतेकदा उत्तम असते. आज एका दगडावर दिसला तर उद्याही त्याच सुमारास तिथेच दिसण्याची शक्यता भरपूर. पाठलाग करण्यापेक्षा आधी जाऊन बसलेलं केव्हाही परवडतं.

मग येते आपली सावली. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायची सवय सगळ्यांनाच असते. पण सकाळी सावली लांबलचक पडते आणि आपण पोचायच्या आधी तीच सरड्याच्या अंगावर जाते. वरून अचानक सावली आली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी आला. शिवाय अनेक सरड्यांच्या टाळूवर प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो. चांगल्या क्लोजअपमध्ये डोक्यावरच्या एका खवल्याच्या मधोमध फिकट ठिपका दिसतो, तोच तो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड कमीजास्त झालेला मात्र कळतो. म्हणून सूर्य एका खांद्याकडे ठेवून जायचं. खवल्यांचा उठावही अशाच बाजूच्या उजेडात दिसतो, नाकासमोरून पडलेल्या उन्हात अख्खं अंग सपाट वाटतं.

जाताना सरळ त्याच्या रोखाने जाऊ नये. आपल्याला दुसरीकडेच कुठे जायचंय असं दाखवत, तिरकं, बसत-सरकत जायचं. त्याने पुढच्या पायांवर छाती उचलली की थांबायचं. छाती पुन्हा दगडाला टेकली की पुढे. थंड सरडा सुस्त असतो, म्हणून पहाटे सहज जवळ जाता येतं, असं सर्रास सांगतात. त्यावर फार विसंबू नका. स्टॅन्ली रँड यांनी १९६४ मध्ये ॲनोलिस गटातल्या सरड्यांबद्दल बरोबर उलटं छापलं होतं: अंग थंड असेल तेव्हा ते जास्त अंतरावरूनच पळत होते. ज्याला जोरात पळता येत नाही त्याला लवकर निघावं लागतं, साधा हिशेब आहे.

आता लेन्स. १०० मिमीच्या मॅक्रोने (अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सने) १:१ ला, म्हणजे सेन्सरवर प्राण्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडेल इतकं, जायचं तर लेन्सचं तोंड प्राण्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर येतं, ६० मिमीच्या मॅक्रोने १० सेंटीमीटरच्या आत. इतक्या जवळ थांबणारा सरडा विरळाच. पण १:१ ची गरज तरी कुठे असते? डोकं आणि खांदा चौकटीत हवा असेल तर फुलफ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १:२, म्हणजे निम्म्या आकाराची प्रतिमा, पुष्कळ झालं. अख्खा सरडा हवा असेल तर १:३ सुद्धा जास्त होतं. १००-४०० जातीचे काही झूम १ मीटरच्या आत फोकस करतात आणि ०.३ पटीच्या आसपास मोठं करतात. म्हणजे फुलफ्रेमवर १२ सेंटीमीटर रुंदीची चौकट, तीही मीटरभरावरून. माझ्या मते उन्हातल्या सरड्यांसाठी खास मॅक्रो लेन्सपेक्षा हेच जास्त कामाचं.

बाकी चर्चेत येईलच.

मृगजळ

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: माझ्याकडे ७०-३०० झूम आहे, मॅक्रो घ्यायचा विचार सध्या नाही. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावू की पुढे स्क्रू होणारं क्लोजअप भिंग?

कुंपणापलीकडे

@मृगजळ, ३०० मिमीला क्लोजअप भिंग. ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेन्थ. ३६ मिमीची ट्यूब ३०० ला लावली तर जेमतेम ०.१२ पट वाढ मिळते. ५० मिमीच्या लेन्सला तीच ट्यूब ०.७ पट देते, पण मग सरड्याच्या नाकाला नाक लावावं लागतं. याउलट २ डायॉप्टर शक्तीचं भिंग ३०० ला लावून लेन्स अनंतावर ठेवली तर ०.६ पट मिळतं आणि भिंगापासून प्राणी ५० सेंटीमीटरवर राहतो. फक्त दोन काचा जोडलेलं अॅक्रोमॅट भिंग घ्या. एका काचेच्या भिंगात खवल्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते.

डायलवाला

छान धागा. एवढा काथ्याकूट कशाला पण? मी एफ/२२ लावतो, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक) अगदी बारीक, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं फोकसमध्ये. उन्हात उजेड कमी पडत नाही.

बारीकसारीक

@डायलवाला, फोकसमध्ये असतं, पण कुरकुरीत असतं का? १:१ ला लेन्सवर लिहिलेला एफ आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो. तुमचा एफ/२२ म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने एफ/४४, आणि तिथे डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच सारखं मऊ होतं. १:३ ला इतकं वाईट नाही, पण तिथेही मी एफ/१६ च्या पुढे जात नाही.

फुलफ्रेमचे ढोबळ आकडे देतो: १:१ ला एफ/८ वर खोली (फोकसमध्ये राहणारा पुढचा-मागचा पट्टा) जेमतेम १ मिमी. १:२ ला एफ/८ वर ३ मिमीच्या जवळपास. १:३ ला एफ/११ वर साधारण ८ मिमी. म्हणजे थोडं मागे सरकून आणि नंतर क्रॉप करून जेवढा फायदा होतो तेवढा ॲपर्चर आवळून होत नाही.

उजेडाचाही हिशेब करू. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर म्हणजे आयएसओचा व्यस्तांक, हा जुना नियम. त्यावरून आयएसओ ४००, एफ/११ ला १/८००. १:३ ला पाऊणएक स्टॉप जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/४५० च्या आसपास. चांगलं चालतं. तोच सरडा झाडाच्या मोकळ्या सावलीत गेला की तीनेक स्टॉप गेले. मग आयएसओ १६०० केल्यावर कुठे १/२०० मिळतो. सावलीतले फोटो हललेले येतात ते यामुळे, हात कापतो म्हणून नव्हे.

डायलवाला

बरं बुवा. एफ/११ करून बघतो.

ओलं_पान

अंग शार्प पण डोळा नाही, असं होत असेल तर काय करायचं? कॅमेऱ्याचा आय-डिटेक्शन फोकस सरड्यांना कधी पकडतो, कधी कानाच्या भोकालाच डोळा समजतो.

बारीकसारीक

हाहा, कानाचं भोक! खरं आहे, गोल आणि काळं दिसलं की तो फसतो. एकच छोटा फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवा. अगदी जवळ असाल तर फोकस हाताने ठरवून टाका आणि अंग किंचित पुढेमागे डोलवत सलग पाचसहा फ्रेम घ्या. सेन्सर डोक्याच्या बाजूला समांतर ठेवला तर नाकाचं टोक, डोळा आणि कान एकाच प्रतलात येतात आणि ३ मिमीतही भागतं. पाऊण कोनातून घेतलात तर जवळचा डोळा धरा आणि बाकीचं सोडून द्या.

हरणटोळ

नावाला जागून सापांबद्दल लिहितो. हरणटोळ हा कसोटी बघणारा विषय. लांब टोकदार मुस्कट, त्याच्या बऱ्याच मागे डोळा, आणि बाहुली आडवी, किल्लीच्या भोकासारखी. समोरून फोटो काढला तर मुस्कटाचं टोक आणि डोळा दोन्ही कधीच शार्प येत नाहीत. मी डोळा घेतो आणि मुस्कट धूसर होऊ देतो. पण खरी मजा आहे ती थेट समोरून: डोळ्यांपासून नाकाकडे उतरत गेलेली खाच दिसते, दोन्ही डोळ्यांनी पुढे बघण्यासाठी असलेली. तिच्यात उजेड भरायला आभाळ ढगाळ हवं, कडक उन्हात ती खाच नुसती काळी रेघ होते.

सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. त्याआधी काही दिवस डोळे दुधी-निळसर दिसतात. तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो बिथरलेला असतो. फोटो विचित्र-सुंदर येतो हे मान्य, तरी लांबूनच एखादा काढून निघावं. कात टाकल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले, रंग ताजे आणि डोळ्यावर ओरखडा नाही.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: लहान साप म्हणजे निरुपद्रवी साप नव्हे. फुरसं छोटंच असतं. विषारी सापांच्या पिल्लांना जन्मापासून विष असतं. ओळख पक्की नसेल तर मॅक्रो लेन्स पिशवीत आणि लांबून काढायची टेली बाहेर.

ओलं_पान

ठळक अक्षरांना +१००.

चकाकी

सापसुरळीचं काय करायचं? अंगावर तेल चोपडल्यासारखी चमकते. उन्हात प्रत्येक खवल्यावर पांढरा ठिपका, ढगाळ असेल तर पाठीवर आभाळाचा मोठा पांढरट पट्टा.

कुंपणापलीकडे

@चकाकी, पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) लावून बघा. खवल्यांवरचा परावर्तित उजेड बऱ्यापैकी कापतो आणि खालचा तपकिरी-तांबूस रंग वर येतो. पण सापसुरळीचं अंग नळीसारखं गोल, त्यामुळे एका कोनातली चमक गेली तरी दुसरीकडची राहतेच. पूर्ण घालवू नका. थोडी चमक राहिली तरच ती गुळगुळीत आहे हे कळतं. आणि पोलरायझर एक ते दोन स्टॉप खातो, म्हणून वर बारीकसारीक यांनी दिलेला हिशेब पुन्हा करायचा.

एक्स्पोजर मात्र तिच्या सर्वांत उजळ खवल्यावरून ठरवा. गडद पाठ नंतर उचलता येते, जळालेला पांढरा ठिपका परत येत नाही.

पांढरी_छत्री

एवढं करण्यापेक्षा सरळ अर्धपारदर्शक पांढरा डिफ्यूझर (ऊन मऊ करणारा पडदा) धरा की प्राण्यावर! दुपारच्या उन्हातसुद्धा मऊ उजेड मिळतो. डोळ्यातला कॅचलाइटही (उजेडाचा चमकता ठिपकाही) मोठा आणि छान येतो. मी फुलांसाठी कायम वापरते.

कुंपणापलीकडे

फुलाला ऊन अडवल्याचं सोयरसुतक नसतं. सरड्याचं तसं नाही. तो तिथे ऊन घ्यायला बसलाय, ते तुम्ही काढून घेताय, आणि वर एक मोठी पांढरी वस्तू हलतेय. जनावर पळालं नाही तरी मला ते पटत नाही.

पांढरी_छत्री

अर्धा मिनिट सावली आली तर सरडा गारठत नाही हो. ढग जातोच ना मधून? तुम्ही स्वतः दोन फुटांवर आडवे पडलात हा त्याला जास्त त्रास आहे.

हरणटोळ

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. सकाळी अंग तापवत असलेल्या सरड्यावर डिफ्यूझर नको. भर दुपारी बरेच सरडे स्वतःच सावलीकडे सरकतात, तेव्हा हरकत नाही. पण डिफ्यूझर हळूहळू, बाजूने आत आणायचा. वरून एकदम उघडला तर संपलं. झाडावर स्थिर बसणाऱ्या शॅमेलिऑनला चालतो, माळावर पळणाऱ्या सरड्याला नाही. मला विचाराल तर पातळ ढगाची वाट बघणं सर्वांत स्वस्त.

पांढरी_छत्री

ढगाची वाट बघायला तुमच्याइतका वेळ असायला हवा :-) पण बाजूने आणायचा मुद्दा पटला.

मृगजळ

आता माझ्या आयडीला साजेसा प्रश्न. दुपारी ३०० मिमीने, जमिनीलगत आडवं पडून फोटो काढले. फोकस डोळ्यावर, शटर १/१०००, तरी एकही शार्प नाही. लेन्स बिघडली का?

बारीकसारीक

लेन्स ठीक आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि तुम्ही नेमके त्या थरातून आडवे बघताय. अंतर जितकं जास्त आणि कोन जितका खाली तितकं हे वाढतं. शटर वाढवून काही होत नाही. एक तर जवळ जा, नाहीतर वीतभर वर उचलून काढा, नाहीतर सकाळी जा. दगड तापायच्या आत.

खिशातला_कॅमेरा

आम्ही गरीब फोनवाल्यांनी काय करायचं? फोनमध्ये मॅक्रो मोड आहे, पण सरडा थांबत नाही.

कुंपणापलीकडे

बऱ्याच फोनमध्ये तो मोड अल्ट्रावाइड लेन्स वापरतो आणि २-३ सेंटीमीटरवर जावं लागतं. तेवढ्या अंतरावर फोनची स्वतःचीच सावली पडते. मॅक्रो मोड बंद करा, २ किंवा ३ पट टेली वापरा, जेवढं जवळ फोकस होतं तिथे थांबा आणि नंतर क्रॉप करा. एक्स्पोजर बोटाने किंचित खाली ओढा. फोनचा मोठा फायदा म्हणजे तो जमिनीला टेकवून सरड्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवता येतो. आमच्यासारखं पोटावर लोळावं लागत नाही. वरून खाली बघून काढलेला फोटो नोंदीसाठी ठीक, पण चेहरा दिसतो तो त्याच्या उंचीवरूनच.

निशाचर

पालींना कोणी विचारतच नाही. बहुतेक पालींना सापांसारखीच पापणी नसते. धूळ बसली की जीभ काढून डोळा पुसतात, आणि तो क्षण टिपायचा तर वाट बघत बसायचं, दुसरा मार्ग नाही. निशाचर पालींची बाहुली उजेडात आकसून उभी चीर होते. काहींत ती पूर्ण मिटते आणि नुसती ओळीने बारीक भोकं उरतात. मोठ्या टोके पालीत ती मोजता येतात. म्हणून डोळ्यातली नक्षी हवी असेल तर दिवसा, पाल उजळ सावलीत भिंतीला किंवा खोडाला चिकटलेली असताना काढा. संध्याकाळी बाहुली मोठी होते, चेहरा मवाळ दिसतो, पण नक्षी झाकली जाते.

विषय निघालाच आहे तर: २००४ मध्ये लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की हेल्मेट गेको ही पाल अंधुक चंद्रप्रकाशाइतक्या उजेडातही रंग ओळखते. आपल्याला तेव्हा सगळं करडं दिसतं. एवढ्या नाजूक डोळ्यावर रात्री टॉर्च रोखून धरताना मला तरी अवघड वाटतं. (फ्लॅशवर बोलायचं नाही हे लक्षात आहे, टॉर्चवर बोललो!)

ओलं_पान

हिरव्या झाडीतला तपकिरी सरडा फोटोत हिरवट येतो. व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक सुधारायचं सेटिंग) बदलला की पार्श्वभूमी बिघडते.

पांढरी_छत्री

पानांतून गाळून आणि पानांवरून उसळून आलेला उजेड हिरवाच असतो, कॅमेरा खोटं बोलत नाहीये. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, त्या जागी करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवा आणि अर्धीच दुरुस्ती करा. पूर्ण केलीत तर सावलीतला सरडा उन्हात बसवल्यासारखा दिसतो.

हरणटोळ

आणि खरा रंग कुठला, हेही बघायला हवं. थंड असताना बरेच सरडे गडद असतात, तापले की फिकट होतात. एकाच सरड्याचे दोन तासांतले फोटो वेगळ्या जातीचे वाटू शकतात. शॅमेलिऑनच्या बाबतीत २०१५ मध्ये जिनिव्हाच्या गटाने पँथर शॅमेलिऑनवर काम केलं. त्याच्या त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की परत फेकलेला रंग बदलतो. म्हणजे तिथे रंग नुसत्या रंगद्रव्याचा नाही, रचनेचा आहे. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन ओढण्याआधी हे आठवावं.

निशाचर

एक कडू विषय काढतो. सरडा स्थिर राहावा म्हणून फ्रिजमध्ये थंड करून फोटो काढणारे आहेत. पान पकडून 'नमस्कार' करणारा सरडा, बेडकाच्या पाठीवर बसलेला सरडा, असले फोटो दिसले की मला आधी शंकाच येते. शेपटीला दोरा बांधण्यापर्यंत मजल जाते.

कुंपणापलीकडे

असले फोटो या धाग्यावर टाकू नयेत, टाकले तर मी संपादकांना काढायला सांगेन. शेपटीचं तर मुद्दाम सांगायला हवं. सरडा-पाल शेपटी सोडते तेव्हा पुष्कळदा साठवलेली चरबीही तिच्याबरोबर जाते. नवी उगवते, पण ती उगवायला प्राण्याला खावं लागतं. हाताळायचंच नाही हा नियम सोपा आहे. दगड उलटायचा नाही, फांदी मोडायची नाही. मधे गवताची काडी येत असेल तर ती वाकवा, उपटू नका. प्राणी गेल्यावर ती परत उभी राहिली पाहिजे.

बारीकसारीक

जागेबद्दलही. चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं आणि त्यात दिलेल्या मूळ जागेवरून संग्राहकांनी ती जवळपास संपवली. शास्त्रीय निबंधामुळे हे होतं, मग आपल्या जीपीएस लावलेल्या फोटोंनी का नाही होणार? दुर्मिळ काही दिसलं तर फोटोतली लोकेशन काढून टाका आणि पार्श्वभूमीत ओळखता येईल असा खडक किंवा पाटी नाही ना तेही बघा.

खिशातला_कॅमेरा

फोन आपोआप लोकेशन जोडतो हे कित्येकांना माहीत नसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच बंद करता येतं.

चकाकी

पोलरायझर उसना आणून लावला. चमक अर्धी गेली आणि पाठीवरच्या दोन फिकट रेघा पहिल्यांदा नीट दिसल्या. धन्यवाद! आता पुढचं: गळ्याखालचा पंखा फुलवणारा सरडा. पंखा उघडतो आणि मी बटण दाबेपर्यंत मिटतो.

कुंपणापलीकडे

शटर १/१००० च्या वर ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. पंखा उघडण्याआधी तो बहुतेकदा उंच जागेवर चढतो, मान ताणतो, अंग वरखाली करतो. तिथूनच सलग फ्रेम सुरू करा. दोन नर आसपास असतील तर तो पुन्हा पुन्हा उघडेल, एकावर जीव टाकू नका. आणि या एका प्रसंगी मी सूर्य त्याच्या मागे घेतो. पंख्याची कातडी पातळ असते, मागून ऊन आलं की तिच्यातल्या बारीक शिरासुद्धा दिसतात. डोकं मात्र काळवंडतं, म्हणून एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. सरडा पांढऱ्या खडकावर बसला असेल तर खालून उसळणारा उजेडच ते काम करतो.

चकाकी

मागून ऊन घ्यायचं तर माझी सावली माझ्याच मागे पडणार. मग थोडं जवळ जाता येईल ना?

कुंपणापलीकडे

येईल. सावलीचा प्रश्न तिथे सुटतो. तुम्ही मात्र त्याला लख्ख उन्हात समोरून दिसताय, त्यामुळे तो पंखा मिटेपर्यंत हलू नका, आणि लेन्सला हूड लावा.